तक्त्यातले तारे आणि होडीचा तळ

आज परीक्षणाला घेतलंय एक दुरुस्तीचं पुस्तक. नाव ‘फायबरग्लास बोट रिपेअर अँड मेंटेनन्स’. काढणारे गूजॉन ब्रदर्स, म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बे सिटी गावी ‘वेस्ट सिस्टम’ नावाने इपॉक्सी बनवणारी मंडळी. तीन भावांनी १९६९ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. हे भाऊ आधी होडीवाले होते, बर्फावर धावणाऱ्या शिडाच्या होड्या बांधायचे, आणि मग इपॉक्सीवाले झाले. त्यामुळे पुस्तक रसायनाच्या दुकानदाराने लिहिल्यासारखं वाटत नाही. लिहिणाऱ्याच्या नखात इपॉक्सी अडकलेलं असावं, असं वाटत राहतं.

परीक्षण पूर्ण पुस्तकाचं नाही. मला बोलायचंय त्यातल्या एका तक्त्याबद्दल. कुठल्या कामाला कुठला फिलर, हे तारे देऊन सांगणारा तक्ता. हा तक्ता कंपनीच्या इतर माहितीपत्रकांतही येतो, आणि पुस्तक न वाचताही तो एकटाच हातोहाती फिरतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: पुस्तक चांगलं आहे, तक्ता त्याच्यापेक्षा कमी शहाणा आहे, आणि यार्डात पोचतो तो तक्ताच.

आधी फिलर म्हणजे काय ते

नियमित वाचकांना माहीत आहे की माझं संशोधन सिंटॅक्टिक फोमवर चालतं. रेझिनमध्ये पोकळ गोळे कालवले की एक हलका, घट्ट, पाण्यावर तरंगणारा पदार्थ तयार होतो, तो हा. २०१२ मध्ये जेम्स कॅमेरून ज्या पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या तळाशी गेला, त्या ‘डीपसी चॅलेंजर’चा बराचसा भाग अशाच फोमचा होता. आता गंमत बघा. होडीच्या अंगावरचे खळगे, लाटा, उंचवटे सारखे करायला जी हलकी पुट्टी लावतात, तीही कुळाने हीच. प्रयोगशाळेत आम्ही ती निर्वातात कालवतो, यार्डात ती प्लायवुडच्या तुकड्यावर पट्टीने कालवतात. एवढाच फरक, पण तो पुढे महागात पडतो.

नुसतं इपॉक्सी पातळ असतं. उभ्या भिंतीवर लावलं की ओघळतं. म्हणून त्यात पावडर घालायची. वेस्ट सिस्टमच्या सहा पावडरी दोन गटांत येतात. चिकटवण्याच्या चार: ४०३ मायक्रोफायबर्स, ४०४ हाय-डेन्सिटी, ४०५ फिलेटिंग ब्लेंड आणि ४०६ कोलॉइडल सिलिका. फेअरिंगच्या दोन: ४०७ लो-डेन्सिटी आणि ४१० मायक्रोलाइट. फेअरिंग म्हणजे होडीच्या अंगाचा वळसा सलग करणं. हात फिरवला तर कुठे अडकू नये, आणि तिरपा उजेड पडला तर कुठे लाट दिसू नये.

सिलिका कशी काम करते ते सांगायला मला नेहमी मजा येते. कण इतके बारीक की एका ग्रॅमचं पृष्ठफळ दोनशे चौरस मीटरच्या घरात जातं. हे कण एकमेकांना हायड्रोजन बंधाने हलकेच धरून रेझिनभर जाळं विणतात. पट्टीने ढवळलं की जाळं तुटतं, मिश्रण वाहतं. पट्टी थांबली की जाळं पुन्हा जुळतं आणि पुट्टी जिथल्या तिथे उभी राहते. वजनाने थोडी घातली तरी पुरते. पण सुकल्यावर ती घासायला दगड.

पोकळ गोळ्यांचं उलट. ते जागा अडवतात, वजन वाढवत नाहीत, आणि पॉलिश पेपरखाली लोण्यासारखे कापले जातात. सव्वा घनतेच्या आसपासच्या इपॉक्सीत अर्धा आकारमान हलके काचगोळे घातले, तर लिटरभर पुट्टीचं वजन साधारण साडेसहाशे ग्रॅमवर येतं.

पहिली तक्रार: दोन कामं एकाच शिडीवर

तक्त्यात पावडरी घनतेच्या क्रमाने मांडल्यात. एका टोकाला जड आणि मजबूत, दुसऱ्या टोकाला हलकी आणि घासायला सोपी. खाली कामं, समोर तारे. चार तारे म्हणजे उत्तम, एक म्हणजे ठीक, तारा नाही म्हणजे वापरू नका.

दिसायला हे सोपं आहे, आणि नवख्या माणसाला दुकानात मदतही करतं. पण शिडी म्हटली की मनात आपोआप वरचं चांगलं, खालचं कमी असं बसतं. मग दोन प्रकारच्या चुका होतात.

एक, ‘मजबूत पाहिजे ना, मग ४०४ नाहीतर ४०६ घ्या’ म्हणून होडीच्या बाहेरच्या अंगावरचे उथळ खळगे सिलिकाने भरले जातात. आता भोवतालचं जेलकोट किंवा जुनी पुट्टी मऊ, आणि मधला ठिपका कडक. लांब फळीला पॉलिश पेपर लावून घासायला घेतलं की फळी मऊ भाग खाते, कडक भागावरून घसरते. तासाभराने खळग्याच्या जागी टेकाड! फेअरिंगच्या पुट्टीला मजबुतीचं बक्षीस मिळवायचंच नसतं. तिने शेजाऱ्यासारखं घासलं जावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

दोन, आणि ही धोक्याची. ‘सगळ्यात मजबूत फिलर’ असं वाचलं की वाटतं, भेगही त्यानेच भरावी. पण फायबरग्लासची ताकद रेझिनमध्ये नसते, काचेच्या सलग धाग्यात असते. धागा तुटला की त्या जागी कितीही ताऱ्यांची पावडर भरा, ताण ओढून नेणारं तिथे कुणी नाही. बुडाला दगड लागून पडलेली भेग, इंजिनच्या बैठकीशी गेलेला तडा, तळातून पाइप बाहेर पडतो ती जागा, या ठिकाणी पुट्टी भरून वर रंग मारला तर दुरुस्ती होत नाही. भेग झाकली जाते. पुढच्या वेळी ती पुन्हा उघडते ती किनाऱ्यापासून लांब, आणि होडीत माणसं असताना.

पुस्तकाला हे नीट माहीत आहे. भेगेभोवतीचा भाग बाराला एक या उताराने घासून काढा, म्हणजे थराची जाडी ५ मिलिमीटर असेल तर ६० मिलिमीटर लांबीचा उतार द्या, आणि त्यावर काचेचं कापड थराथराने बसवा, हे ते सविस्तर सांगतं. पण तक्त्यात ‘इथे पावडर नको, कापड पाहिजे’ असं सांगणारा रकानाच नाही. तक्ता विचारतो ‘कुठली पावडर?’ त्याआधीचा प्रश्न ‘पावडर का?’ हा होता, तो पुस्तकात मागे राहिला.

दुसरी तक्रार: एका नावाखाली किती जण

हा दोष एकट्या या पुस्तकाचा नाही, एकूण या विषयावरच्या लिखाणाचाच आहे. ‘मायक्रोबलून’ म्हटलं की सगळे एकच वस्तू समजतात. प्रत्यक्षात लालसर तपकिरी फिनॉलिक गोळे वेगळे, पांढरे काचेचे वेगळे, प्लास्टिकचे आणखी वेगळे.

नुसत्या काचेच्या गोळ्यांतलं अंतर बघा. थ्रीएम कंपनीचा के-१ हा गोळा ०.१२५ घनतेचा आणि २५० पीएसआय दाबाचा. त्याच कंपनीचा एस-६० हा ०.६० घनतेचा आणि १०,००० पीएसआय दाबाचा. दाब सोसण्यात चाळीस पट फरक! डब्यातून दोन्ही बाहेर काढले तर डोळ्याला सारखीच पांढरी भुकटी. होडीच्या अंगाला १०,००० पीएसआयची गरज नाही, के-१ सारखा गोळा घासायला सोपा म्हणून तोच बरा. पण सुट्या पिशवीत ‘ग्लास बबल’ म्हणून विकत घेणाऱ्याला आपण नेमकं काय घेतलं हे कळायला हवं. वेस्ट सिस्टमला इथे एक गुण द्यायला हवा. पावडरीला क्रमांक देऊन त्यांनी हा गोंधळ स्वतःपुरता मिटवला. ४०७ मागितलं की ४०७च मिळतं. पण तक्ता घेऊन बाजारात दुसऱ्या नावाची पिशवी शोधणाऱ्याच्या हाती तारे येतात, गोळा येत नाही.

तिसरी तक्रार: मिशिगनचं हवामान

पुस्तकातली वेळापत्रकं २२ अंश सेल्सिअसला धरून आहेत. १०० ग्रॅम मिश्रण भांड्यात किती वेळ टिकेल? वेगवान २०५ हार्डनरला ९ ते १२ मिनिटं, मंद २०६ ला २० ते २५, आणि उष्ण प्रदेशासाठीच्या २०९ ला ४० ते ५०. बे सिटीत २२ अंश म्हणजे छान दिवस असेल. मालवणला किंवा बेतीला एप्रिलमध्ये शेडखाली ३२ अंश असतात, आणि तिथे होडी दुरुस्तीला बाहेर ओढलेली असते.

अंदाजाचा नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ निम्मा होतो. म्हणजे २०५ वापरणाऱ्याकडे पाच-सहा मिनिटं उरली. त्यात हलक्या पुट्टीची आणखी एक खोड आहे. पोकळ गोळे उष्णता अडवतात. थर्मासच्या भिंतीसारखंच. रेझिन जमताना निघणारी उष्णता आतच कोंडते, भांडं तापतं, तापलं की आणखी लवकर जमतं. उपाय साधा आहे. कालवलं की भांड्यात ठेवायचं नाही, ताटासारख्या पसरट वस्तूवर पातळ पसरायचं, आणि खोल खळगा एकदम न भरता दोन-तीन थरांत भरायचा.

आणि खरी मेख जमल्यानंतरची आहे. साध्या तापमानाला जमलेलं इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. गडद निळ्या किंवा काळ्या रंगाची होडी आपल्या उन्हात याच्या पलीकडे सहज जाते. ४१० मधले गोळे प्लास्टिकचे, ते उष्णतेला आणखी हळवे. गडद रंगाखाली आणि जास्त उष्णतेच्या जागी ४१० वापरू नका, असा इशारा कंपनीच देते. पण फेअरिंगच्या ओळीत चार तारे मिळवणारी पावडर तीच! इशारा एकीकडे, तारे दुसरीकडे. मिशिगनमध्ये हा फरक तळटीप म्हणून खपेल. कोकणात तो पहिल्या ओळीत हवा.

स्वयंपाकघरातली मोजमापं

आता कौतुक. पुट्टी किती घट्ट हवी हे सांगायला पुस्तक स्वयंपाकघरात शिरतं: सिरप, केचप, मेयोनेज आणि पीनट बटर. व्हिस्कोमीटर नसलेल्या माणसासाठी याहून चांगलं माप मला सुचत नाही. आमच्या प्रयोगशाळेत ज्याला ‘यील्ड स्ट्रेस’ म्हणतात, ते हेच. चमचा उपडा केला तर पडतं की नाही?

आपल्याकडे मी असं सांगेन. काकवीसारखं वाहणारं मिश्रण कापड भिजवायला. टोमॅटो सॉससारखं दोन आडव्या फळ्या चिकटवायला. श्रीखंडासारखं कोपरे आणि साधी चिकटवणी करायला. आणि कापडात रात्रभर टांगून घट्ट झालेल्या चक्क्यासारखं, म्हणजे टोक काढलं तर टोक उभं राहील असं, उभ्या अंगावर फेअरिंगला.

फक्त एक लक्षात ठेवायचं. घट्टपणा सारखा म्हणजे पुट्टी सारखी नव्हे. सिलिकाचा चक्का आणि काचगोळ्यांचा चक्का तोंडाने सारखे, पोटाने वेगळे. पहिल्यात जवळजवळ सगळं रेझिन आहे. दुसऱ्यात गोळ्यांची गर्दी आहे. आणि गर्दीलाही मर्यादा असते. एकाच मापाचे गोळे कसेही भरले तर ते साधारण ६४ टक्के जागा व्यापतात, उरलेल्या ३६ टक्के फटींत रेझिन हवंच. ‘अजून थोडं घट्ट, अजून थोडं हलकं’ करत पावडर ओतत गेलं की एका क्षणी फटी भरायला रेझिन पुरत नाही. पुट्टी कोरडी, भुसभुशीत होते, लावताना तुटते, आणि आत हवा राहते. खालच्या अंगाला चिकटायलाही तिच्याकडे ओल उरत नाही. म्हणून आधी नुसत्या इपॉक्सीचा पातळ हात, तो चिकट असतानाच वर पुट्टी. पुस्तक हे सांगतं, तक्ता नाही.

घासणाऱ्याचा रकाना

‘घासायला सोपं’ हा गुण तक्त्यात सोयीचा म्हणून येतो. मला तो श्रमाचा आणि तब्येतीचा वाटतो. घासणं म्हणजे धूळ. अर्धवट जमलेल्या इपॉक्सीची धूळ अंगावर बसली तर त्वचेला त्याची ॲलर्जी लागू शकते, आणि एकदा लागली की ती सहसा सुटत नाही. मग त्या माणसाला इपॉक्सीचं कामच सोडावं लागतं. म्हणून पूर्ण जमू द्यायचं, मास्क घालायचा, आणि मास्क म्हणजे रुमाल नव्हे. ठेकेदार पावडर निवडतो तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत किती धूळ जाणार, हेही निवडत असतो. दोनशे रुपयांची बचत करून कडक पुट्टी लावली तर त्याची किंमत घासणारा पोरगा भरतो.

घासण्याआधी आणखी एक काम. दमट हवेत जमलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा पातळ थर येतो. तो पाण्यात विरघळतो. म्हणून आधी साध्या पाण्याने, खरखरीत घासणीने धुवायचं, पुसायचं, मगच पॉलिश पेपर. तसंच घासलं तर मेण पेपरात बसतं आणि अंगातही रगडलं जातं, वरचा थर मग धरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर काम करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आणि घासून झाल्यावर? पोकळ गोळे कापले गेलेत, म्हणजे अंगावर लाखो उघड्या वाट्या तयार झाल्यात. रंग मारला की त्या सुईच्या भोकांसारख्या दिसतात, आणि पाण्याखाली त्या ओल धरतात. नुसत्या इपॉक्सीचे हात देऊन त्या बंद करायच्या, मग प्रायमर. गाड्यांच्या डेंटिंगला वापरतात ती टाल्क घातलेली पॉलिएस्टर पुट्टी तर पाण्याखाली नकोच. ती स्वस्त आहे, पटकन जमते, आणि पाणी पिते.

पुस्तकात नसलेली निवड

कंपनीचं पुस्तक कंपनीच्या पावडरी विकतं, यात गैर काही नाही. पण त्यामुळे एक अख्खी शक्यता बाजूला राहते: तयार फेअरिंग कंपाउंड. ऑलफेअर, टोटलफेअर अशी ही दोन डब्यांची पुट्टी, दोन्ही भाग सारख्याच मापात घ्यायचे. टोटलफेअरचा एक भाग पिवळा, दुसरा निळा. पट्टे न राहता हिरवं झालं की कालवणं पूर्ण. पावडर कारखान्यातच घातलेली, त्यामुळे पहिलं भांडं आणि दहावं भांडं सारखंच घासलं जातं. मोठ्या अंगावर हा फायदा खूप मोठा आहे, कारण प्रत्येक भांडं वेगळं कडक झालं तर वर सांगितलेली टेकाडं पुन्हा उगवतात.

तोटा किंमतीचा, आणि एकाच कामापुरता उपयोग होण्याचा. छोट्या दुरुस्तीला घरी कालवलेली पुट्टी पुरते. गोव्यात दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधलेल्या ‘म्हादेई’सारखं, लाकडी गाभ्यावर काच आणि इपॉक्सी चढवलेलं ५६ फुटी अंग एका वळशात आणायचं असेल, तर भांड्यागणिक सारखेपणाला मोल येतं. कुठे कालवायचं आणि कुठे तयार घ्यायचं, हे सांगणारी ओळ चांगल्या मार्गदर्शकात असायला हवी.

मग तक्ता कसा हवा होता?

तारे नकोत. चार प्रश्न, याच क्रमाने.

१. इथे जोर येतो का? येत असेल तर घासून उतार द्या, कापड बसवा. पावडर फक्त कापडाखालची जागा सारखी करायला किंवा चिकटवायला, तीही सिलिकासारखी.

२. इथे पाणी राहणार का? राहणार असेल तर फक्त इपॉक्सी, आणि गोळ्यांची पुट्टी असेल तर घासल्यावर वर नुसत्या इपॉक्सीचे हात.

३. किती तापणार? गडद रंग किंवा उन्हातला डेक असेल तर प्लास्टिकचे गोळे बाद, किंवा मग रंगच फिका निवडा.

४. किती घासायचंय आणि कोण घासणार? इथे आल्यावरच ‘४०७ की ४१० की तयार कंपाउंड’ हा प्रश्न विचारायचा.

तक्ता थेट चौथ्या प्रश्नाने सुरू होतो. माझा सगळा आक्षेप एवढाच.

शेवटी

पुस्तक घ्यावं का? जरूर. भेगेची, फुगलेल्या डेकची, फोड आलेल्या तळाची दुरुस्ती इतक्या सरळ भाषेत समजावणारं काही मी फारसं वाचलेलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक मासेमारी होड्या पॉलिएस्टरच्या आहेत, आणि जुन्या पॉलिएस्टरवर नवं पॉलिएस्टर नुसतं पकडून बसतं, रासायनिक सांधा होत नाही. तिथे इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, म्हणून हे पुस्तक आपल्याही कामाचं आहे. फक्त उलट्या क्रमाने वाचा. आधी भेगांची प्रकरणं, मग हवामानाची, आणि तारे सगळ्यात शेवटी. यार्डात लावायला एकच पान काढायचं असेल, तर तक्त्याचं काढू नका, बाराला एक उताराच्या आकृतीचं काढा. पुट्टी चुकली तर होडी वाईट दिसते. उतार चुकला तर ती परत येईल की नाही, हा प्रश्न असतो.

पुढच्या वेळी काचगोळे कालवताना फुटतात किती आणि त्याने घनता कशी बदलते, यावर लिहीन. तोपर्यंत तुमच्याकडच्या यार्डात पुट्टीत काय घालतात ते जरूर कळवा. सुट्या पिशवीवर काय नाव लिहिलेलं असतं, तेही.